कोंडाजीच्या हातचं घावन

सुरेखाने विचारलं तेव्हा तिचा सासरा कोंडाजी गोठ्याच्या दारात म्हशीचं दावं सोडत होता. तिने पदर खोचला, समोर येऊन उभी राहिली आणि सरळच म्हणाली, "आबा, बिरवाडीला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला बाया घेतायत. माझी मावसबहीण हाय तिथं, तिच्याच खोलीवर राहीन. मी जाऊ?"

आडून बोलणं नाही, डोळ्यांत पाणी नाही, मध्ये कुणाला घालणं नाही. असं विचारणारं माणूस कोंडाजीला आवडायचं. म्हैस अंगणात निघून गेली तरी तो दावं हातात धरून तसाच उभा राहिला.

"पोरीचं काय?"

"अक्षू अंगावरनं सुटलीय आता. आठवडाभर तुमच्यापाशी राहील, सुट्टीला मी येत जाईन. इथनं रोज जायचं म्हटलं तर जमायचं नाय."

"परवीन काय म्हणतो?"

"नको म्हणतायत."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही जा म्हणाल म्हणून."

कोंडाजीला हसू आलं. "जा," तो म्हणाला आणि म्हशीमागे चालू लागला. एकदा शब्द तोंडातून गेला की तो मागे घ्यायचा नाही ही त्याची जुनी खोड. वाडीत त्याला हट्टी म्हणायचे ते काही उगाच नाही.

ही वाडी म्हणजे धारवाडी. कुडपणच्याही पुढे, पठार संपून दरी सुरू होते तिथे कडेला चिकटून बसलेली मूठभर घरं. सगळी एकाच भावकीची. तरणे पुरुष मुंबईला, मागे म्हातारी माणसं, बाया, पोरं आणि गुरं. कोंडाजीची बायको आनंदीबाई मुलाचं लग्न बघून गेली. मुलगा प्रवीण दादरला हॉटेलात होता. वाडीत कुणी विचारलं तर "हॉटेल लायनीत हाय" एवढंच सांगायचं, असं त्यानेच बापाला बजावलं होतं. कोंडाजीला मात्र ठाऊक होतं की पोरगा दिवसभर भल्यामोठ्या तव्यापुढे उभा राहून डोसे घालतो.

सुरेखा कामावर रुजू झाली. नुकतीच पावलं टाकायला लागलेली अक्षदा आजोबाकडे राहिली. कोंडाजी गुरं घेऊन माळावर गेला की पोरीला शेजारची गोदूबाई बघायची. गोदूबाई म्हणजे त्याच्या थोरल्या चुलतभावाची, रायबाची बायको. मायाळू बाई. पोर रडलं की चहात बिस्कीट बुडवून भरवायची, आणि पोरही दुसरं काही तोंडात घेईनासं झालं. पण सांभाळायची मात्र जीव लावून.

रायबाचं तसं नव्हतं. भावकीत त्याचा शब्द चालायचा. वाघजाईची पालखी त्याच्या घरातून निघायची, कुणाच्या अंगणात आधी जायची आणि कुणाच्या नंतर हे तो ठरवायचा. वाडीतली सून बिरवाडीला खोली घेऊन राहते, रात्रपाळी करते, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून एसटीतून उतरते, हे त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. तो कोंडाजीला काही बोलला नाही. एका संध्याकाळी गोदूबाई अक्षूला कडेवर घेऊन कुंपणाशी आली आणि नजर खाली ठेवूनच म्हणाली, "भावजी, उद्यापासनं मला नाय जमायचं."

"का वयनी? बरं नाय वाटत?"

"मला काय धाड भरलीय. ह्यांनी सांगितलंय. पोरगी आठ दिवस रडली की आय आपोआप घरी येईल, म्हणतात."

तिने पोरीला त्याच्या हातात दिलं, तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि घाईने निघून गेली. कोंडाजी बराच वेळ रायबाच्या घराकडे बघत उभा राहिला. कडेवर अक्षू गोदूबाईच्या दिशेने हात पसरून ओरडत होती. "ओरड," तो तिला म्हणाला. "ओरडून घे. पण तुझी आय काय येत नाय, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवसापासून त्याने गुरं लांबच्या माळावर न्यायचं सोडलं आणि घरामागच्याच शेतात बांधली. पोरगी त्याच्या धोतराचा सोगा धरून मागे मागे. हिंडणं-फिरणं जमलं, पण खाणं जमेना. पेज दिली तर तिने थुंकून टाकली. भात कालवला तर मुठीत धरून भिंतीला फासला. तिला बिस्कीट हवं होतं आणि कोंडाजीने बिस्किटाचा पुडा घरात येऊ दिला नव्हता, कारण तो आणायचा तर रायबाच्या मुलाच्या दुकानातून आणावा लागला असता. अंगणवाडीच्या ताईंनी पोरीला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, वजन उतरलंय हिचं. घरात काय काय असतं?"

"नाचणी हाय, तांदूळ हाय. परड्यात दुधी लागलाय, भोपळा हाय, शेवगा हाय."

"मग आणखी काय पाहिजे? भाज्या किसून घावनं घाला की. तिखट नको, मीठ नावाला. तिला हातात धरून खाता आलं पाहिजे. भरवलेलं नाही खात काही मुलं, स्वतःचं स्वतः खातात."

ताईंना ते सोपं वाटलं. कोंडाजीने नांगर धरला होता, घर शाकारलं होतं, अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढलं होतं. पण तव्याला आजवर हात लावला नव्हता. आईनंतर बायको, बायकोनंतर सून, आणि सून गेल्यापासून नुसता पेज-भात. घावन तव्यावरून निघतं आणि ताटात येतं, एवढंच त्याला माहीत. त्याने सुरेखाला फोन लावला. ती जेवणाच्या सुट्टीत होती.

"घावनाचं पीठ किती पातळ करायचं गो?"

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आबा, गोदूकाकी कुठं हायत?"

"त्यांच्या घरी."

"अक्षूला कोण बघतंय?"

"मी बघतोय."

तिच्या सगळं ध्यानात आलं. आवाज बारीक झाला. "मी परत येऊ का?"

"मी तुला पीठ विचारलं," कोंडाजी म्हणाला. "नोकरीचं नाय विचारलं."

तेव्हा तिने सांगितलं. पीठ ताकासारखं सरसरीत हवं. बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा. कांदा अर्धा कापून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. पीठ मधोमध ओतायचं नाही, कडेकडेने आत आणायचं. झाकण ठेवायचं आणि कड सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही.

पहिलं घावन तव्याला असं बसलं की ते विळ्याने खरवडून काढावं लागलं. दुसऱ्याचे चार तुकडे झाले. तिसरं वरून काळं आणि आत कच्चं. किसलेल्या दुधीला पाणी सुटून पीठ पार पांचट झालं होतं हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. अक्षू उंबऱ्यावर बसून हे सगळं मन लावून बघत होती. कोंडाजीने एक तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो वास घेऊन कोंबडीला टाकला. कोंबडीने मात्र खाल्ला.

"आज कोंबडी, उद्या तू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुधीचा कीस मुठीत पिळला आणि ते पाणी फेकून न देता त्यातच पीठ भिजवलं. नाचणीत तांदळाचं पीठ घातलं, शेवग्याचा कोवळा पाला चिरून टाकला. घावन निघालं खरं, पण अक्षूने हिरवी पानं वेचून वेचून बाजूला काढली. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने पाला वाटून घातला. मग भोपळा वाफवून कालवून पाहिला, त्याने घावन मऊ आणि गोडसर झालं, गूळ घालावा लागला नाही. ते त्याने बोटाएवढ्या पट्ट्या करून थाळीत ठेवलं आणि आपण तिकडे बघतच नाही असं दाखवत चुलीत लाकूड सारत बसला. बराच वेळ काही आवाज आला नाही. त्याने तिरक्या नजरेने बघितलं तर अक्षूच्या दोन्ही मुठींत एकेक पट्टी होती, गाल फुगले होते आणि हनुवटीवर भोपळा माखला होता. थाळी रिकामी झाल्यावर तिने ती जमिनीवर आपटली. आणखी हवं होतं.

त्याने तव्यावर दुसरं घातलं. स्वतःसाठी त्याच पिठात मिरची ठेचून टाकली. आजोबा-नात एकाच चुलीपाशी एकच घावन खाऊ लागले, एकीचं अळणी, एकाचं झणझणीत.

वाडीत गोष्ट लपत नाही. झऱ्यावर पाणी भरताना श्रीपतने, कोंडाजीच्याच वयाच्या गड्याने, सगळ्यांच्या देखत हाक मारली, "काय कोंडाबाई, झाला का सैपाक?" लोक हसले. तेव्हापासून तेच नाव पडलं. माळावर, देवळाच्या पायरीवर, दुकानापाशी, कोंडाबाई. आधी कोंडाजीच्या कानशिलाची शीर ताड ताड उडायची. मग एकदा त्याने हंडा खाली ठेवला आणि श्रीपतला म्हणाला, "झालाय सैपाक. भोपळ्याचं घावन हाय. येतोस का? सूनबाई उठायच्या आत काल तू चूल फुंकत बसला होतास चहासाठी, आणि दूध उतू घालवलंस. कोंडाबाईच्या घरी ये, नीट खायला मिळंल."

हसणाऱ्यांची तोंडं श्रीपतकडे वळली. पण नाव काही गेलं नाही, आणि कोंडाजीने ते घालवायचा प्रयत्नही सोडून दिला. उलट कुणी त्या नावाने हाक मारली की तो मोठ्याने ओ द्यायचा.

अक्षूचं अंग भरू लागलं. पलीकडच्या रेश्माचा साहिल, तिच्याहून थोडा मोठा, वासावर कुंपणातून घुसायचा आणि थाळीतली पट्टी पळवायचा. मग कोंडाजी पीठच जरा जास्त भिजवू लागला. साहिलच्या मागून आणखी एक-दोन पोरं आली. रेश्मा धावत यायची, मुलाला ओढून न्यायची आणि जाताना हळूच सांगायची, "काका, राग नका धरू. थोरल्यांनी बघितलं तर बोलतील." कोंडाजी म्हणायचा, "तू ओढून ने. तो परत येईल ते त्याचं तो बघंल."

शिमग्याआधी भावकीची बैठक सहाणेवर बसली. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा, देवळासमोरचा. पालखीचे खांदेकरी ठरले, पालखीपुढे ढोल-सनई वाजवणाऱ्या खालूबाजाचं ठरलं, आणि मग रायबाने घसा खाकरला.

"एक गोष्ट ऱ्हायली. कोंड्या, तुझ्या सुनेला शिमग्याच्या आत घरी आण."

"का?"

"का म्हणजे? वाडीची बाई परगावात खोली करून ऱ्हाते. घरात बापय चुलीपाशी बसतो. आपल्या घराण्यात असलं कधी झालेलं नाय."

"नोकरी पण कधी झालेली नाय आपल्या घराण्यात बायकांना. म्हणून काय, कधी व्हायचीच नाय?"

"तोंड चालवू नको. ती आली नाय तर पालखी तुझ्या अंगणात थांबणार नाय."

बसलेली माणसं चुळबुळली. कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं की असं वाळीत टाकणं आता कायद्यात बसत नाही. रायबा शांतपणे म्हणाला, "कोण टाकतंय वाळीत? पाणी भर, लग्नाला ये, मयताला ये. पालखी कुठं थांबायची ती देवीची मर्जी."

कोंडाजी उठून उभा राहिला. त्याने हात पाठीमागे बांधले.

"देवीची मर्जी तुझ्या तोंडातनं बरी येते दादा. आता माझी ऐक. ह्या वाडीतले निम्मे बापय मुंबईला काय करतात? कोण भजी तळतो, कोण ताटं धुतो, कोण कुणाच्या घरी चपात्या लाटतो. तिथं परक्याला रांधून घातलं तर कुणाची अब्रू जात नाय. मी माझ्या नातीला घावन घातलं की घराण्याला बट्टा लागतो? सून कामाला जाते ती मी सांगितलं म्हणून जाते. पोर उपाशी ठेवून तिला घरी आणायला बघितलंत तुम्ही. नाय आली. आताही यायची नाय. पालखी न्यायची तिकडनं न्या."

आणि तो चालता झाला. घराच्या पायरीवर बसल्यावर मात्र त्याला एकदम थकल्यासारखं वाटलं. त्याच्या आज्यापासून पालखी त्या अंगणात थांबत आली होती. आनंदीबाई दरवर्षी पहाटे उठून सारवायची.

शिमग्याला प्रवीण आला. सगळं त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. सुरेखाही सुट्टी घेऊन आली होती. त्याने बॅग खाली ठेवली आणि तिथेच सुरू झाला. "फोन करून करून हसतात मला लोक. बायको कंपनीत, बाप चुलीशी. आबा, माझी काय इज्जत ठेवलीत तुम्ही?"

"तू मुंबईत काय करतोस?" कोंडाजीने विचारलं.

प्रवीणने दाराकडे बघितलं. "हळू बोला. ते वेगळं."

"काय वेगळं? तवा तवाच असतो. तू लोकांच्या पोरांना घालतोस, मी तुझ्या पोरीला घालतो."

"ते धंद्याचं हाय! आणि हिला काय कमी पडलं इथं? सुरेखा, तू उद्याच कळव कंपनीला."

सुरेखा अक्षूचे केस विंचरत होती. फणी हातात तशीच धरून ती म्हणाली, "मी नाय सोडणार. तुम्ही सांगितलं तरी नाय, आणि पालखी नाय आली तरी नाय. मला ते काम येतं. माझ्या हाताखाली आता नवीन पोरी दिल्यात. तुम्हाला काय राग धरायचा तो धरा."

प्रवीणने पोरीला घ्यायला हात पुढे केले. अक्षूने त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि धावत जाऊन आजोबाच्या गुडघ्यांत तोंड लपवलं. प्रवीण तसाच बाहेर गेला. पालखीला त्याचा खांदा ठरलेला होता.

पालखीच्या दिवशी सुरेखाने अंगण सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडला. कोंडाजीने पोलादपूरहून आणलेला नारळ आणि खण ताटात ठेवला. "येणार नाय ती," सुरेखा म्हणाली. "ते त्यांचं," कोंडाजी म्हणाला. "आपलं अंगण आपण सारवलेलं बरं."

खालूबाजा वाजत वाजत जवळ आला. गुलालाचा धुरळा, नाचणारे खांदेकरी, मागे बाया आणि पोरं. ऊन चांगलंच वर आलं होतं. पालखी कोंडाजीच्या कुंपणाच्या तोंडाशी आली आणि सवयीने आत वळू लागली. खांदेकऱ्यांचे पायच तसे वळले. रायबाने हातातली काठी आडवी धरली. "पुढं!"

पालखी हेलकावली. पुढच्या दांडीखाली प्रवीण होता, तोंड गुलालाने माखलेलं. त्याने बापाकडे बघितलं, सुरेखाच्या हातातल्या ताटाकडे बघितलं.

"दादा," कोंडाजी अंगणातून मोठ्याने म्हणाला, "आई उन्हातनं आलीय. तिला इसावा घ्यायचाय का विचारलंस?"

"पुढं!" रायबा पुन्हा ओरडला.

प्रवीणने मान खाली घातली आणि पाऊल पुढे टाकलं. बाकीच्यांनीही टाकलं. बाजा पुढच्या घराकडे सरकला. सुरेखाच्या हातातलं ताट हललं, खणावर अक्षता सांडल्या. देवी पुढे गेली त्यापेक्षा पोराच्या खाली घातलेल्या मानेने कोंडाजीला जास्त लागलं होतं.

मग त्याने ताटातला नारळ उचलला. "देवी पुढं गेली," तो म्हणाला. "पोरं इथंच हायत." आणि पायरीच्या दगडावर एका फटक्यात नारळ फोडला.

अंगणाच्या मधोमध, जिथे पालखी टेकायची त्याच्या शेजारीच, त्याने तीन दगड मांडून चूल पेटवली. सकाळी भिजवलेलं नाचणीचं पीठ बाहेर आणलं. सुरेखाने दुधी आणि भोपळा किसला, त्याने नारळ खवून त्यात घातला. तवा तापला, कांदा फिरला, पहिलं घावन चर्र करून पडलं आणि खोबऱ्याचा खमंग वास वाऱ्याबरोबर वाटेवर गेला. पालखीमागे नाचून भुकेजलेली पोरं थबकली. सगळ्यात आधी साहिल वळला. त्याच्यामागे आणखी पोरं, आणि त्यांच्यात रायबाचा नातू हृतिकही. मिरवणुकीच्या शेपटाचा अख्खा तुकडा सुटून कोंडाजीच्या अंगणात आला.

पोरांना न्यायला त्यांच्या आया आल्या आणि कुंपणाशी अडकल्या. आत यावं की नाही कुणाला कळेना. गोदूबाई हृतिकला हाका मारत आली. तो दोन्ही हातांनी घावन खात होता, आजीकडे त्याचं लक्षच नव्हतं. गोदूबाईने पुढे गेलेल्या पालखीकडे एकदा बघितलं. रायबा वळून बघतच होता, काठी हातात घेऊन. तिने पदर कमरेला खोचला, अंगणात आली आणि चुलीपाशी मांडी घालून बसली.

"भावजी, मला पण एक घाला. सकाळपासनं पोटात काय नाय."

कोंडाजीने तव्यावर कांदा फिरवला. त्याने पीठ ओतलं.

"देवीचाच ना हा नारळ?" तिने विचारलं.

"तिच्यासाठीच आणलेला."

"मग परसादच झाला की," गोदूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "परसादाला नको म्हणू नये गो बायांनो. या."

बाया आल्या. रेश्मा आली, वाडीतली कमळाबाई तान्हं घेऊन आली आणि नखाएवढा मऊ तुकडा त्याच्या बोळक्या तोंडात चघळायला दिला. अंगण भरलं. कोंडाजीचे हात भरून आले, धुराने डोळे चुरचुरू लागले, दोन घावनं लागोपाठ फाटली. पोरं थाळ्या वाजवत होती.

"आबा, तवा जास्त तापलाय."

प्रवीण कुंपणाशी उभा होता. गुलाल घामाने ओघळला होता, खांदा सोलून लाल झाला होता. पालखी सहाणेवर टेकवून तो एकटाच परत आला होता. सुरेखाने त्याच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तो आत आला, वाटीतलं पाणी घेतलं आणि तव्यावर हबका मारला. पाण्याचे थेंब नाचत विरून गेले.

"सरा," तो बापाला म्हणाला.

कोंडाजी जागचा हलला नाही. "लोक बघतायत."

"बघू देत."

मग कोंडाजी सरला. प्रवीणने पळी घेतली, पीठ ओतलं आणि मनगटाच्या एका फिरकीने असं गोल, असं पातळ पसरवलं की कमळाबाईच्या तोंडून "अगोबाई!" निघून गेलं. उलथनं न लावता नुसती कड उचलून त्याने घावन परतलं. दुसरं, तिसरं, न थांबता, एका लयीत. हॉटेल लायन म्हणजे नेमकं काय ते त्या दुपारी धारवाडीला कळलं. कुणी हसलं नाही. श्रीपतही मागाहून आला होता, तोही हसला नाही. तो दुसऱ्यांदा थाळी पुढे करत होता.

प्रवीणने एक घावन कापून त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या केल्या. ते त्याने बापाचं बघून केलं की त्याला माहीत होतं, कोण जाणे. पट्टी फुंकून गार केली आणि अक्षूपुढे धरली. ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग तिने पट्टी घेतली, आणि तिथेच त्याच्या मांडीला पाठ टेकून खात बसली.

"मघाशी मी थांबायला पाहिजे होतं," प्रवीण तव्याकडे बघत म्हणाला.

"व्हय, पाहिजे होतं," कोंडाजी म्हणाला. त्याने ते गोड करून सांगितलं नाही. "पुढच्या खेपेला थांब."

शिमगा संपला. सुरेखा बिरवाडीला गेली, प्रवीण तिला पोलादपूरपर्यंत सोडायला गेला आणि तिथून पुढे मुंबईला. आता तो फोनवर बापाला पिठात पोह्यांची भरड घालून बघा, मऊ होईल, असं सांगतो. बाप ऐकून घेतो आणि आपल्याला हवं तेच करतो. गोदूबाई अक्षूला पुन्हा सांभाळू लागली, नवऱ्याला न विचारता. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "काका, एकदा येऊन सगळ्या आयांना करून दाखवा." कोंडाजी म्हणाला, "आयांनाच का? बापय असतील त्यांना पण बोलवा, मग येतो." ताई हसल्या, पण त्यांनी खरंच तसा निरोप धाडला. बापयांतला एकटा श्रीपत आला, आणि तोही खायला.

रायबा अजून बोलत नाही. सकाळी गुरं घेऊन तो कोंडाजीच्या अंगणासमोरूनच जातो, दुसरी वाट नाही. तवा तापलेला असतो, अक्षू थाळी आपटत असते. कोंडाजी उलथनं हातात घेऊन कुंपणापर्यंत येतो आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज देतो, "रामराम, दादा! घावन खाणार का?"

रायबा मान वळवत नाही. गुरांच्या घंटा वाजत पुढे जातात. कोंडाजी परत चुलीशी येऊन बसतो, पुढचं घावन घालतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच मोठ्याने विचारतो.